शंभर टक्क्यांवर पाहताना

तयार छायाचित्रे, म्हणजे स्टॉक फोटो, विकणाऱ्या एका संकेतस्थळाला पहिल्या खेपेला मी एआयने तयार केलेली ४० चित्रे विक्रीसाठी पाठवली होती. नवव्या दिवशी निकाल आला, त्यात ९ स्वीकारली गेली होती आणि ३१ परत आली होती. परत आलेल्या प्रत्येक चित्रापुढे कारणाची एकच ओळ होती. १७ चित्रांपुढे ‘गुणवत्तेतील दोष’, ८ चित्रांपुढे ‘यासारखे चित्र आधीच सादर केले आहे’ आणि ६ चित्रांपुढे ‘बौद्धिक संपदेचा प्रश्न’ असे लिहिले होते. दोष नेमका कोठे आहे, हे मात्र कोठेच सांगितलेले नव्हते. तीन आठवडे रोज रात्री बसून, शेकडो चित्रे बाजूला सारून मी ही चाळीस राखली होती, त्यामुळे तो निकाल माझ्या मनाला लागला.

पुस्तके, वार्षिक अहवाल आणि प्रदर्शनांतील फलक यांची मांडणी करणे हा माझा व्यवसाय आहे आणि त्या कामासाठी मी बरीच वर्षे स्टॉक फोटो विकत घेत आले आहे. विकत घेताना मी फोटो नेहमी पूर्ण आकारात उघडते, कडा तपासते, सावलीच्या भागात दाणे दिसतात का ते पाहते आणि मगच पैसे भरते. एआयने तयार केलेली चित्रे विकायला ठेवावीत असे मनात आले, तेव्हा ही सवय मी का बाजूला ठेवली, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. मला वाटते, चित्र डोळ्यांसमोर काही सेकंदांत उमटते त्याचा आनंदच इतका मोठा असतो की ते तपासून पाहायला हवे हे सुचतच नाही. मी चाळीसही चित्रे पडद्यावर मावतील एवढ्याच आकारात पाहिली होती, आणि बरीचशी तर एका वेळी येणाऱ्या चार चित्रांच्या चौकटीत, थंबनेल म्हणजे छोटा नमुना म्हणून, निवडली होती.

खाते उघडण्याआधी मी एक गोष्ट मात्र नीट केली होती, ती म्हणजे नियम वाचणे. सर्वच मार्केटप्लेस, म्हणजे स्टॉक फोटो विकणारी संकेतस्थळे, एआयची चित्रे घेत नाहीत. गेटी इमेजेसने सप्टेंबर २०२२ मध्येच ती घेणे थांबवले. शटरस्टॉकवर एआयने चित्र तयार करण्याची सोय आहे, पण छायाचित्रकार आणि चित्रकार यांच्याकडून अशी चित्रे तेथे स्वीकारली जात नाहीत. अ‍ॅडोबी स्टॉकने डिसेंबर २०२२ मध्ये नियम जाहीर करून ती घ्यायला सुरुवात केली, मात्र चित्र एआयचे आहे असे पाठवतानाच नोंदवावे लागते. ही नोंद न करता पाठवलेले चित्र कितीही निर्दोष असले तरी ते नियमभंगच ठरते. बंदी घालणाऱ्या ठिकाणी चित्र चांगले आहे की वाईट हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि त्यामागचे कारण मला खरेदीदार म्हणून चटकन पटले. स्टॉक फोटो विकत घेताना मी खरे तर दोन गोष्टी घेत असते. एक फोटो, आणि दुसरी म्हणजे हा फोटो छापल्यावर उद्या कोणी माझ्या ग्राहकाला नोटीस पाठवणार नाही ही हमी. ज्या चित्राचा मालक कोण हेच अजून ठरायचे आहे, त्याची हमी देणे विक्रेत्याला अवघड जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने एका चित्रकथेतील मजकुराला आणि मांडणीला संरक्षण दिले, पण मिडजर्नी या एआय साधनाने तयार केलेल्या तिच्यातील चित्रांना ते नाकारले. एवढे एक उदाहरण समोर असले तरी सावधगिरी कोठून येते ते कळते.

मी मात्र एआयची चित्रे घेणाऱ्या ठिकाणीच पाठवली होती, त्यामुळे माझी ३१ चित्रे कोणीतरी पाहून परत केली होती. ती परत का आली, हे शोधायचे मी ठरवले. एकेक चित्र उघडायचे, शंभर टक्क्यांवर, म्हणजे न आकसता त्याच्या मूळ आकारात, न्यायचे आणि पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीने सरकत खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत जायचे, असा क्रम ठेवला. प्रूफ वाचतानाही मी असेच करते.

पहिलेच चित्र एका डॉक्टर स्त्रीचे होते. खिडकीतून येणारा मऊ उजेड, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात कागदांची फाइल. चाळिसांमध्ये मला ते सर्वांत जास्त आवडले होते. शंभर टक्क्यांवर पाहू लागले तेव्हा स्टेथोस्कोपची नळी मानेच्या डाव्या बाजूने खाली उतरून कोटाच्या कॉलरमध्ये विरघळून गेलेली दिसली. नळी कॉलरच्या खाली गेली असेल असे मला आधी वाटले, पण ती पुन्हा कोठेच वर येत नव्हती. उजव्या बाजूला छातीवर टेकवायची चकती होती, तीही एक नव्हे, दोन, आणि कानांत घालायचे भाग तर नव्हतेच. फाइल धरलेल्या हाताची बोटे पाचच होती, म्हणून मी निश्चिंत होते, पण करंगळीला तीनऐवजी चार पेरे होती. मागच्या भिंतीवरच्या तक्त्यावर अक्षरांसारख्या खुणा होत्या आणि त्यांतले एकही अक्षर कोणत्याही लिपीतले नव्हते. हे चित्र एखाद्या रुग्णालयाच्या पुस्तिकेत छापले असते, तर ते रोज स्टेथोस्कोप हाताळणाऱ्या माणसांच्याच हातात पडले असते. तपासणाऱ्याने ते परत केले यात मला त्या क्षणी काहीही वावगे वाटले नाही.

असे का होते, ते समजून घ्यायला मला काही दिवस लागले. स्टेबल डिफ्यूजनसारखी चित्रे काढणारी एआय मॉडेल थेट पिक्सेलवर, म्हणजे चित्राच्या बारीक ठिपक्यांवर, काम करत नाहीत. ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलचे चित्र त्यांच्या आत केवळ ६४ गुणिले ६४ घरांच्या जाळीत साठवलेले असते, म्हणजे एकेका घराच्या वाट्याला ८ गुणिले ८ पिक्सेल येतात, आणि शेवटी त्या जाळीवरून पूर्ण चित्र पुन्हा उभे केले जाते. मोठा चेहरा असेल तर त्याला पुष्कळ घरे मिळतात. मागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा २० पिक्सेल रुंद असेल, तर त्याच्या वाट्याला रुंदीत जेमतेम अडीच घरे येतात, आणि त्यांत डोळे, नाक, तोंड मावणार कसे? माझ्या बैठकीच्या चित्रात समोरचे दोघे अगदी स्वच्छ होते आणि मागच्या काचेपलीकडचे चौघे वितळलेल्या मेणासारखे झाले होते, त्याचा उलगडा मला येथे झाला. दुसरे कारण याहून मूलभूत आहे. मॉडेलला वस्तू कशी दिसते हे लाखो चित्रांवरून ठाऊक असते, पण ती कशासाठी असते आणि कशी जोडलेली असते हे ठाऊक नसते. बुद्धिबळाच्या पटाचे माझे चित्र दुरून फार देखणे होते. घरे मोजली तेव्हा एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला नऊ निघाली, आणि काळ्या सोंगट्यांमध्ये तीन राजे होते.

मधमाशीचे चित्र का परत आले, ते मात्र मला शंभर टक्क्यांवर पाहूनही कळेना. प्रत्येक लव स्वतंत्र दिसत होती, फुलाचे परागकणही सुटे दिसत होते, कडा स्वच्छ होत्या. माझी एक मैत्रीण जीवशास्त्र शिकवते, तिला ते पाठवले. तिचा लगेच फोन आला. “अगं, आधी याचे पंख मोज,” ती म्हणाली. मी मोजले, दोन होते. “मधमाशीला चार असतात, दोन जोड्या. दोन पंख माशीला. आणि पाय कोठून निघालेत ते बघ.” सहाही पाय छातीच्या भागातून निघायला हवेत, माझ्या चित्रात मागची जोडी पोटाला चिकटलेली होती. ‘फुलावर परागकण गोळा करणारी मधमाशी’ असे शीर्षक मी त्याला दिले होते. हे शीर्षक वाचून एखाद्या पाठ्यपुस्तकासाठी कोणी ते घेतले असते, तर मुलांनी तेच खरे मानले असते. या एका चित्राने मला इतर सर्व चित्रांपेक्षा जास्त अस्वस्थ केले, कारण येथे चूक दिसण्यासाठी नजरेबरोबर माहितीही लागत होती आणि ती माझ्यापाशी नव्हती. तेव्हापासून ज्या विषयातले मला कळत नाही त्याचे चित्र मी पाठवत नाही.

उरलेल्या ‘गुणवत्तेच्या’ चित्रांपैकी निम्म्यांचा दोष मीच नंतर घातलेला होता. अ‍ॅडोबी स्टॉकवर चित्र किमान ४ मेगापिक्सेलचे, म्हणजे चाळीस लाख पिक्सेलचे, असावे लागते, आणि इतर ठिकाणचे नियमही थोड्याफार फरकाने असेच आहेत. मी वापरत असलेले साधन १०२४ गुणिले १०२४ चे चित्र देत होते, म्हणजे एक मेगापिक्सेलहून किंचित अधिक. त्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर ४१,९४,३०४ पिक्सेल होतात आणि अट कशीबशी पुरी होते. मोठे चित्र जास्त विकले जाईल या विचाराने मी अपस्केल करताना, म्हणजे साधनाने आकार वाढवताना, बाजू चौपट केली. अपस्केल करणारे साधन नसलेला तपशील अंदाजाने भरते. त्याने गालांवरची त्वचा मेणासारखी गुळगुळीत केली, पापण्यांच्या तारा केल्या, झाडाच्या पानांभोवती पांढुरकी कड काढली आणि विणलेल्या स्वेटरवर विणीऐवजी एकच ठसा पुन्हा पुन्हा उमटवला. त्यावर मी आणखी शार्पनिंग केले होते, म्हणजे कडा कृत्रिमपणे ठळक केल्या होत्या. छपाईच्या कामात राहून हे माझ्या लक्षात यायला हवे होते, कारण ७२ डीपीआयचा (एका इंचात किती ठिपके छापायचे त्याचा) आकडा बदलून ३०० केला म्हणून फोटोत एकही पिक्सेल वाढत नाही, हे मी ग्राहकांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे. मुळात १०२४ पिक्सेल रुंद असलेले चित्र ३०० डीपीआयने छापले तर जेमतेम पावणेनऊ सेंटिमीटर भरते. त्याला चौपट ताणून फलकावर लावायचे असेल, तर वाढवलेला प्रत्येक भाग हाताने तपासावाच लागतो.

बौद्धिक संपदेच्या कारणाने परत आलेल्या सहा चित्रांनी मला खरोखर कोड्यात टाकले होते, कारण मी कोणाचे काही उचलले नव्हते. धावणाऱ्या मुलीच्या बुटावर, एका नामवंत कंपनीच्या बुटांवर असतात तसे, तीन तिरपे समांतर पट्टे होते. मी प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला दिलेल्या वर्णनात, फक्त ‘धावण्याचे बूट’ म्हटले होते, पण ज्या चित्रांवरून मॉडेल शिकले त्यांत असे बूट इतके असणार की त्याच्या लेखी बूट म्हटले की पट्टे आलेच. एका गाडीची पुढची जाळी अशीच ओळखीची होती. दोन चित्रांच्या बाबतीत चूक सरळ माझी होती. शीर्षक काय द्यावे हे न सुचल्याने मी प्रॉम्प्टच तेथे उतरवला होता आणि त्यात एका नामवंत चित्रकाराच्या शैलीचा उल्लेख होता. शीर्षकात किंवा कीवर्डमध्ये, म्हणजे शोधासाठी जोडलेल्या शब्दांत, कलाकाराचे, खऱ्या व्यक्तीचे किंवा कथेतल्या प्रसिद्ध पात्राचे नाव चालत नाही, आणि माझ्या मते ते प्रॉम्प्टमध्येही असू नये. ज्याने आयुष्य घालवून ती शैली घडवली, त्याच्या नावावर आपण मागणी करायची आणि पैसे आपण घ्यायचे, हे मला आता योग्य वाटत नाही.

पण त्या सहांमधले एक चित्र मी विसरू शकत नाही. जलरंगात रंगवल्यासारखे दिसणारे नदीकाठचे दृश्य होते ते. खालच्या उजव्या कोपऱ्यात, गवताच्या पात्यांमध्ये, करड्या रंगाचा एक वळणदार फटकारा होता. आठ-दहा वेळा पाहूनही मी त्याला गवतच समजत होते. शंभर टक्क्यांवर तो सहीसारखा दिसला. नाव वाचता येत नव्हते, पण एक टपोरे पहिले अक्षर, मग उतरत जाणारी रेघ, खाली अधोरेखा, हे सारे होते. चित्रांच्या कोपऱ्यात सही असते एवढे मॉडेल शिकले होते आणि कोणाचीच नसलेली एक सही त्याने काढून ठेवली होती. गेटी इमेजेसने २०२३ मध्ये स्टेबल डिफ्यूजनच्या स्टॅबिलिटी एआय या कंपनीविरुद्ध जे दावे केले, त्यांतही तयार झालेल्या चित्रांत गेटीच्या वॉटरमार्कसारखी, म्हणजे फोटोवरच्या मालकीच्या छापासारखी, खूण उमटत असल्याचा मुद्दा होता. तो मी पूर्वी बातमीत वाचला होता, पण तसे काही स्वतःच्या चित्रात पाहणे वेगळे होते. तपासणाऱ्याला त्या कोपऱ्यात दुसऱ्या कोणाचे तरी चित्र दिसले, आणि तसे नाही हे मी कोणत्या आधाराने सांगणार होते?

सारखेपणाच्या कारणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एकाच प्रॉम्प्टची चार चित्रे येतात, चारही चांगली वाटतात, आणि एकही टाकून देणे जिवावर येते. मी चारही पाठवत होते. खरेदीदाराच्या शोधात एकच मेज, तोच कप आणि तीच खिडकी चार वेळा आली तर त्याचा वेळ जातो. मी स्वतः अशा पानांवर वैतागून पुढे गेलेली आहे. पाठवणाऱ्याला एक चित्र काही सेकंदांत मिळते, पण तपासणाऱ्याला ते पाहायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, म्हणून एकाच चित्राच्या आवृत्त्या पाठवणे हे अनेक ठिकाणी स्पॅम धरले जाते आणि खात्यावरही त्याचा परिणाम होऊ शकतो.

स्वीकारल्या गेलेल्या नऊ चित्रांपैकी एक मी नंतर स्वतःहून काढून टाकले. ते पुराच्या पाण्यातून लोकांना बाहेर काढणाऱ्या बचावपथकाचे होते. २०२३ च्या अखेरीस गाझातील युद्धाची म्हणून तयार केलेली एआय चित्रे स्टॉक संग्रहात विक्रीला असल्याचे आणि काही संकेतस्थळांनी ती एआयची आहेत हे न सांगता वापरल्याचे उघड झाले होते. प्रत्यक्ष घडलेल्या घटनेचा भास करून देणारे शीर्षक एआयच्या चित्राला देता येत नाही, हा नियम मी मोडला नव्हता, कारण माझ्या शीर्षकात कोणत्याही गावाचे वा वर्षाचे नाव नव्हते. तरीही उद्या कोठे पूर आला आणि घाईत कोणी ते बातमीला जोडले, तर खऱ्या माणसांच्या दुःखाशेजारी कधीच न बुडालेली माणसे उभी राहतील, हा विचार मला सहन झाला नाही.

दुसऱ्या खेपेची तयारी करायला दोन महिने लागले. चित्र तयार व्हायला अजूनही काही सेकंदच लागत होते, पण त्यानंतर प्रत्येकावर साधारण दीड तास जात होता. हात, दात, दागिन्यांच्या कड्या, चष्म्याच्या काड्या, जिन्याच्या पायऱ्या, वाद्याच्या तारा मी मोजत असे. व्हायोलिनला तारा चार हव्यात, आणि घोडीवरून चार गेल्या तर खुंट्यांपर्यंतही चारच पोहोचायला हव्यात. चूक लहान असेल तर तेवढाच भाग निवडून पुन्हा तयार करायचा, मोठी असेल तर चित्र सोडून द्यायचे. अक्षरांसारखे जे काही दिसेल ते पुसायचे. बाजू दुपटीपेक्षा जास्त वाढवायची नाही, शार्पनिंग करायचे नाही. शीर्षकात चित्रात जे दिसते तेच साध्या शब्दांत लिहायचे. कीवर्डची मर्यादा ४९ असली तरी मी पंचविसांच्या पुढे क्वचितच गेले, कारण जे चित्रात नाही त्याचा शब्द घातला की शोधणाऱ्याची फसवणूक होते. माणसे असतील तेथे ती काल्पनिक असल्याची नोंद करायची. ज्या साधनाने चित्र काढले त्याच्या अटींत व्यावसायिक वापराला परवानगी आहे का, हेही प्रत्येक वेळी पाहायचे, कारण मिडजर्नीच्या सुरुवातीच्या मोफत वापरात तयार झालेली चित्रे विकण्याची मुभा नव्हती आणि अशा अटी बदलत राहतात.

या खेपेला मी १२ चित्रे पाठवली. ९ स्वीकारली गेली, ३ परत आली, तिन्हींपुढे ‘गुणवत्तेतील दोष’ एवढेच होते. पहिल्या दोन चित्रांतील चुका मला काही मिनिटांत सापडल्या. एकात चहाच्या कपाचा कान कपाला वरच्या बाजूने जोडलेलाच नव्हता, आणि दुसऱ्यात आरशातल्या स्त्रीने हात खाली घेतलेला असताना आरशाबाहेरच्या स्त्रीचा हात केसांत होता. तिसरे चित्र गच्चीवर मांडलेल्या चार रिकाम्या खुर्च्यांचे होते. त्यात माणूस नव्हता, अक्षर नव्हते, मोजण्यासारखे काही दिसत नव्हते. तीन संध्याकाळ मी ते शंभर टक्क्यांवर सरकवत राहिले आणि काहीच हाती लागेना. शेवटी कामाच्या पुस्तकाची प्रूफे काढताना तेही एका ए-थ्री कागदावर छापले, मेजावर पसरले आणि उभी राहून पाहिले. तीन खुर्च्यांच्या सावल्या उजवीकडे पडल्या होत्या आणि चौथीची डावीकडे.